सावलीतलं खोकं

ऑगस्ट सरत आला की मडेऱ्यात, आमच्या द्राक्षमळ्यांच्या भागात, सगळ्यांच्या माना आभाळाकडे वळतात. पाऊस हवा म्हणून नाही, नको म्हणून. द्राक्षाचे घड तोडून दोन ओळींमधल्या मातीवर कागद अंथरायचे, त्यावर ते पसरायचे आणि तीन आठवडे ऊन खाऊ द्यायचं, की बेदाणा तयार. मध्येच एक सर आली तर सगळा माल कुजतो. त्यामुळे आमच्याकडे उन्हाला कोणी शिव्या देत नाही. माणसं उन्हानं पडतात, उचलून गाडीत घालतात, पण शिवी देत नाहीत.

त्या वर्षी मी विद्यापीठातून शेवटच्या वर्षाच्या कामासाठी आले होते. शेतमजुरांवर उन्हाचा काय परिणाम होतो याची पाहणी होती. डॉ. हॉलंड नावाच्या आमच्या बाई प्रमुख, आणि मजुरांना प्रश्न विचारायला आम्ही तिघं विद्यार्थी. बाकीच्या दोघांना स्पॅनिश येत होतं. मला मिश्तेक येतं, कारण ती माझ्या आईची भाषा. सीमेपलीकडून, ओआहाकाच्या डोंगरातून आलेले आमचे लोक स्पॅनिशमध्ये 'हो' आणि 'बरं' एवढंच म्हणतात आणि मनातलं मनातच ठेवतात. म्हणून मला घेतलं होतं. हुशार म्हणूनही घेतलं असेल, निदान मी तसं समजत होते.

आमचं घर तिथून अकरा मैलांवर, तरी मी बाकीच्यांबरोबर हॉटेलात उतरले होते. रविवारी जेवायला घरी गेले. आई एर्मिनिया चुलीपाशी मक्याच्या तोर्तिया थापत होती. बाबांचा खांदा छाटणीच्या कात्रीनं कायमचा धरलेला, ते दारात खुर्ची टाकून बसले होते. विल्बर आणि मागाली, माझी धाकटी भावंडं, कुठेतरी उंडारत होती. जेवता जेवता मी पाहणीचा नियम सांगितला, की मुलाखत घेणाऱ्यानं आपल्या नात्यातल्या किंवा ओळखीच्या माणसाला प्रश्न विचारायचे नाहीत. प्रत्येक फॉर्मखाली मला सही करावी लागते, या व्यक्तीशी माझी ओळख नाही म्हणून.

बाबा हसले. म्हणाले, "म्हणजे आमचं दुखणं मोजायचं तर अनोळखी माणूस लागतो. आम्ही तुला उगीच वाढवलं."

आईनं तोर्तिया उलटली. "आणि चुकून आपलंच माणूस समोर आलं तर?"

"तर तो फॉर्म बाद. आणि लपवलं असं निघालं तर माझे सगळेच फॉर्म बाद. पदवीही राहिली." मी हे मजेत सांगितलं. मला अजून पाच फॉर्म हवे होते आणि दोन दिवस हातात होते. ते झाले नसते तर पुढचा हंगाम येईपर्यंत, म्हणजे अख्खं वर्ष, थांबावं लागलं असतं. ऑक्टोबरपासूनच्या नोकरीचं पत्र बॅगेत होतं. आईनं पुढची तोर्तिया तव्यावर टाकली. तिचा जुना मुकादम तीन दिवसांपूर्वी टोळी मोडून निघून गेला होता आणि ती दुसरं काम शोधत होती. ते तिनं मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

आमच्या घरात फॉर्म म्हणजे देवाच्या खालोखाल. आईबाबांचे या देशात राहण्याचे कागद व्हायला चौदा वर्षं लागली. त्या वेळी वकिलानं दोघांना समोर बसवून बजावलं होतं, कुठल्याही फॉर्मवर एक शब्द खोटा लिहिलात तर दोघंही परत जाल, पोरं इथेच राहतील. बाबांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. आईनं ते हाडात मुरवलं. एकदा गाद्यांच्या दुकानात बक्षिसाची सोडत होती, त्याचा फॉर्म तिनं माझ्याकडून भरून घेतला. रात्री झोप लागते का, असा प्रश्न होता. मी 'हो' लिहिलं तर तिनं खोडायला लावलं. "नाही लागत. नाही म्हणून लिही." सोडत लागली नाही ती वेगळी गोष्ट.

सोमवारी पहाटे आम्ही निघालो. डॉ. हॉलंड गाडी चालवत होत्या. बाई मनानं चांगल्या, मजुरांसमोर कधी थंड पाणी प्यायच्या नाहीत. नवीन आलेल्या मुलाला त्या म्हणाल्या, नेरेइदाची खोक्याची गोष्ट ऐकली नाहीस का? आणि मला सांगायला लावली.

ती गोष्ट मी शंभरदा सांगितली असेल. सतरा वर्षांची असताना शिष्यवृत्तीच्या निबंधात मी तीच लिहिली होती आणि तिच्यावरच मला विद्यापीठात जागा मिळाली. मी चार वर्षांची असताना आईबाबा मला मळ्यात न्यायचे. वेलाखाली एक लाकडी द्राक्षाचं खोकं असायचं, त्यावर लाल कोंबड्याचं चित्र. ऊन फिरलं की खोकं सावलीत सरकवायचं, हे माझं काम. लाकडावरचा तो कोंबडा आणि माझ्या तळहातात रुतलेलं लाकडाचं कुसळ, एवढं मला लख्ख आठवतं. निबंध लिहिताना मी आईला विचारलं होतं, त्या खोक्यात काय असायचं गं? ती पीठ मळत होती. म्हणाली, "जेवण. दुसरं काय असणार." मग मी निबंधाचा शेवट असा केला, की मी चार वर्षांची होते आणि माझ्या खोक्यावर मी कधी ऊन पडू दिलं नाही. हे वाक्य विद्यापीठाच्या एका पुस्तिकेत माझ्या फोटोखाली छापलं आहे.

नवीन मुलगा म्हणाला, फारच सुंदर. मी बाहेर बघत राहिले. कौतुक झालं की बरं वाटतंच, खोटं कशाला बोलू.

मळ्यावर पोचलो तेव्हा उजाडलं होतं. मुकादम रेफुहियो गाडीला टेकून उभा होता. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "या मॅडम. तुमच्यासाठी मंडप टाकलाय. आमच्या बायकांना लग्नातसुद्धा एवढा मोठा मिळत नाही." बायका तोंडाला रुमाल बांधता बांधता हसल्या. मीही हसले, कारण मंडप खरोखरच मोठा होता आणि त्याखाली फक्त आम्ही चौघं बसणार होतो.

काम सुरू झालं. एकेका ओळीला एकेक जण. वेल बुटके, फांद्या जमिनीपर्यंत लोंबलेल्या, त्यामुळे आत शिरूनच तोडावं लागतं. हातात आकड्यासारखी वाकडी सुरी, पायांशी प्लास्टिकचा टब. टब भरला की ओढत बाहेर आणायचा, कागदावर ओतायचा, हातानं सारखं करायचं आणि पुन्हा आत. पानांवरची धूळ डोळ्यांत जाते, गांधीलमाशा घडांना चिकटून असतात. सगळ्यांच्या डोक्यावर टोपी, त्याखाली रुमाल, अंगात लांब बाह्यांचा जाड सदरा. फक्त डोळे दिसतात. माणूस ओळखायचं ते चालण्यावरून.

सातव्या ओळीतली बाई डावा गुडघा जमिनीला टेकवून, उजवा वर ठेवून बसत होती. टब ओढताना आधी दोनदा हिसका द्यायची आणि मग एकदम ओढायची. मी कंबरेला पाण्याची बाटली अडकवत होते, ती तशीच हातात राहिली. माझी आई होती ती.

 पहिला विचार आला तो तिच्या गुडघ्याचा नव्हता, हे सांगून टाकते. पहिला विचार आला, माझे फॉर्म. मी डॉ. हॉलंडना तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण यादीतल्या कोणत्या मजुरांना विचारायचं ते आकड्यांवरून ठरत होतं, दर तिसरा माणूस, आणि मी मनातल्या मनात मोजलं तर आई सुटत होती. म्हणून गप्प बसले.

तिनंही मला पाहिलं. टब ओतताना मान वर केली, तिची नजर माझ्यावर आली आणि माझ्यावरून पुढे गेली, मंडपाच्या खांबावर जावी तशी. ओळखीची एक रेषा उमटली नाही.  रविवारचं माझं बोलणं तिनं किती नीट ऐकलं होतं ते तेव्हा कळलं.

दहाच्या सुमारास तिला काम करताना बघत मी दुसऱ्या एका बाईची नाडी मोजत होते. आईचं वय बावन्न. तिच्या शेजारच्या ओळीतली पोरगी विशीतली, तरी आई दोन कागद पुढे होती. रेफुहियो मागून जाताना तिला म्हणाला, म्हातारे, घड पिळू नकोस, धार लाव सुरीला. ती मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाली, "धार आहे. तुझ्या जिभेएवढी नाही." आजूबाजूच्या ओळी हसल्या. माझी आई कोणाला उलट बोललेली मी घरी कधी ऐकली नव्हती.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली आणि तिथेच घोळ झाला. यादीतले दोघं उन्हानं आजारी पडून घरी गेले होते. आकडे पुढे सरकले आणि आईचा नंबर लागला. रेफुहियो तिला मंडपाकडे घेऊन आला. मला म्हणाला, "ही तुमच्या बोलीची. कागदातलं स्पॅनिश हिच्या डोक्यावरून जाईल." डॉ. हॉलंडनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि त्या दुसऱ्या टेबलाकडे वळल्या.

आई माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसली. रुमाल खाली केला. तोंडाभोवती घामाची आणि धुळीची कड होती. तिनं हात मांडीवर ठेवले, मिठाईसारखे चिकट झालेले, आणि मला म्हणाली, "विचारा, मॅडम."

माझ्या तोंडून 'आई' निघणार होतं. निघालं ते, "नाव सांगा बाई." मला माझ्याच आवाजाची शिसारी आली.

सुरुवातीची माहिती मला वाचून दाखवावी लागते. उत्तर द्यायलाच हवं असं नाही, कधीही उठून जाता येईल, वगैरे. ती फार लक्ष देऊन ऐकत होती, वकिलासमोर ऐकायची तशी. मग म्हणाली, "मी इथे सांगीन ते माझ्या घरच्यांना कळेल का?"

"नाही," मी म्हणाले. "कोणालाही कळणार नाही."

"कागदात राहील?"

"कागदातच."

तिनं खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग म्हणाली, "बरं."

वय, गाव, किती वर्षं हे काम करता, पाणी किती वेळा पिता, चक्कर येते का. येते, ती म्हणाली. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. हे मला माहीत नव्हतं. लघवीला जळजळ? हो. गुडघे? डावा गेल्यातच जमा आहे. एका बाजूनं मी पटापट लिहीत होते आणि दुसऱ्या बाजूनं मला हंबरडा फोडावासा वाटत होता, की हे सगळं तू मला का नाही सांगितलंस. पण मला म्हणजे कोणाला? मी वर्षातून चारदा येते, जेवते, डबा घेऊन जाते.

पुढचा प्रश्न मुलांचा होता. एकूण किती मुलं झाली? त्याचं उत्तर मला ठाऊक होतं, म्हणून ती बोलायच्या आधीच मी तीन लिहून मोकळी झाले.

"चार," ती म्हणाली.

मी मान वर केली. "चार?"

"चार. तीन आहेत."

फॉर्ममध्ये यापुढे ठरलेले प्रश्न असतात. मी ते वाचले, कारण डोळ्यांसमोर दुसरं काही दिसत नव्हतं. गेलेल्या मुलाचं वय किती होतं? आठ महिने. मुलगा की मुलगी? मुलगा, एलिसेओ. आजारी होता का? नाही, गुबगुबीत होता. मग कशानं?

"ऊन," ती म्हणाली. "बेदाण्याचाच हंगाम होता. दुपार होती."

"काम करताना मूल कुठे ठेवत होता?" हाही प्रश्न छापलेला आहे. तो मी लिहिलेला नाही.

"वेलाखाली. द्राक्षाच्या खोक्यात, खाली गोधडी घालून. तेव्हा सगळ्याच बायका तसं करायच्या. ऊन फिरलं की खोकं सावलीत सरकवायचं."

माझ्या तळहातात कुसळ रुतलेलं मला जाणवलं. खरंच जाणवलं, अठरा वर्षांनी, त्याच जागी. लाल कोंबडा डोळ्यांपुढे आला आणि त्याच्या वर, खोक्याच्या कडेवर, काहीतरी हललं असेल का, ते आठवायचा मी जिवाच्या आकांतानं प्रयत्न केला. काही आठवलं नाही. खोक्यापलीकडे सगळं पांढरं, उन्हात डोळे दिपल्यावर दिसतं तसं.

"कोण सरकवायचं?" मी विचारलं. हा प्रश्न फॉर्मवर नव्हता.

आईनं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. मग कागदाकडे पाहिलं. 

"कोणी नव्हतं," ती म्हणाली. "मीच मध्ये मध्ये येऊन सरकवायचे. त्या दिवशी म्हटलं, ओळ संपवूनच उठू."

मी ते लिहिलं. कोणी नव्हतं. माझी आई, जी गाद्यांच्या सोडतीवर खोटं लिहू देत नाही, तिनं ते मला लिहायला लावलं.

एकच प्रश्न उरला होता. त्यानंतर मुलांना शेतात आणलं का?

"कधीच नाही. पुढच्या सोमवारी थोरलीला बालवाडीत घातलं. ती दारात लोळण घेऊन रडत होती, तिला मळ्यातच यायचं होतं. मी तिला सांगितलं, तू हुशार आहेस, तुझी जागा वर्गात." ती उठली. "झालं ना, मॅडम?"

तिनं फॉर्मवर नाव लिहिलं, एकेक अक्षर दाबून, मीच तिला शिकवलं होतं तसं. पाहणीत भाग घेणाऱ्यांना गवती टोपी मिळते ती घेतली, आहे त्या टोपीवरच चढवली आणि ओळीकडे निघाली.

मी बसून राहिले. वर्गात मी पहिली यायचे तेव्हा आई बक्षीस हातात घेऊन एवढंच म्हणायची, बरं झालं, आत होतीस. मला वाटायचं ती शाळेबद्दल बोलते आहे. माझी सगळी हुशारी, सगळी पुस्तकं, ती पुस्तिका आणि त्यातला फोटो, हे सगळं त्या सोमवारपासून सुरू झालं होतं. आणि तो सोमवार एका बाळाला पुरल्यानंतरचा होता. मी त्याच्या खोक्यावर निबंध लिहिला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.  मंडपाच्या मागे जाऊन मी पाणी ओकले.

परत आले तेव्हा डॉ. हॉलंड माझ्या टेबलापाशी उभ्या होत्या. तब्येत बरी नाही का, म्हणाल्या. फॉर्मखालची माझ्या सहीची जागा कोरी होती. पेन उचलून सही करायला तीन क्षण लागले असते. मी सांगितलं, ही माझी आई आहे. सकाळपासून मला माहीत होतं.

त्या खुर्चीवर बसल्या. रागावल्या नाहीत, त्यांचा चेहरा नुसता उतरला. हळूच म्हणाल्या, सकाळी का नाही सांगितलंस? आता सगळे फॉर्म विद्यापीठाच्या समितीपुढे जातील. त्या माझ्या बाजूनं बोलतील, पण वचन काही देऊ शकत नाहीत. मग त्यांनी आईचं उत्तर वाचलं. खोक्यापाशी आल्या आणि थांबल्या. सकाळची गाडीतली गोष्ट त्यांना आठवली असणार. त्यांनी तो कागद उलटा करून ठेवला.

मी सातव्या ओळीत गेले. आई वेलाखाली शिरली होती, बाहेर फक्त तिचे बूट दिसत होते. मी मातीत बसून आत सरकले. आतली सावली हिरवी होती आणि तरी दम कोंडत होता.

"जा इथून," ती कुजबुजली. "रेफुहियो बघतोय."

"सांगितलं मी त्यांना. आई, त्या खोक्यात जेवण नव्हतं."

तिची सुरी चालत राहिली. दोन घड टबात पडले, मग तिसरा. मग ती थांबली.

"तुझ्यानं ते हलत नव्हतं," ती म्हणाली. "चार वर्षांची होतीस तू. तो भरला होता अंगानं, खोकं जड. हलत नाही हे मला माहीत होतं. तरी तुलाच सांगितलं, दुसरं कोण होतं? तू ओढत होतीस. मी आले तेव्हासुद्धा ओढतच होतीस. हाताला रक्त आलं होतं."

 मी तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं, डाव्या. तिचे हात चिकट होते म्हणून तिनं मला हातानं नाही, कोपरानं जवळ ओढलं. आम्ही किती वेळ तशा बसलो कोण जाणे. बाहेरून रेफुहियोनं हाक मारली, म्हातारे, झोपलीस का. 

मग तिनं विचारलं, "तो कागद बाद झाला?"

"झाला."

"आणि तुझी पदवी?"

मी टबातले घड सारखे करू लागले. तिनं सुरी मातीत खुपसली, तळवे सदऱ्याला पुसले, पुन्हा पुसले, आणि सही करायला बसावं तशी सरळ होऊन बसली.

"दुसरा कागद असेल ना तुझ्या गाडीत. आण. परत विचार मला," ती म्हणाली. "या वेळी मुलं तीनच सांगते."